गाळा कुणाच्या नावावर

पुण्याजवळच्या रहाटणीत कोकणे चौकाकडून नखाते वस्तीकडे चालत निघालं की इमारतींच्या तळमजल्यांवर पार्लरांच्या पाट्या दिसत राहतात. वर सोसायटी, खाली गाळा. काचेच्या दाराला आतून पडदा आणि दारावर ‘फक्त महिलांसाठी’. चाकण, तळवडे, भोसरीला नोकरी लागली म्हणून मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून कुटुंबं इकडे आली. नवऱ्याची शिफ्ट, मुलांची शाळा आणि फ्लॅटचा हप्ता यांच्या फटीत बसेल असा धंदा म्हणून कितीतरी बायकांनी हे काम उचललं. काहींना नवरा उरला नव्हता, म्हणून उचललं.

अशा एका गाळ्यात दोघी आहेत असं समजू या. थोरली अठ्ठेचाळीसची. नवरा पंधरा वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसला, घटस्फोट कधी झालाच नाही, मूलबाळ नाही. धाकटी सत्तावीसची. चार वर्षांपूर्वी थ्रेडिंग शिकायला आली आणि राहिली. आज त्या एका घरात राहतात, एकमेकींवर प्रेम करतात आणि दार लावून घेतल्यावरच ते एकमेकींना सांगतात. ही कुणा ठरावीक दोघींची हकिकत नाही. पण अशा दोघी असतात, हे गृहीत धरून मी लिहिते आहे.

या धंद्यात स्पर्श हेच काम असतं. दोऱ्याचं एक टोक दातात, गिऱ्हाइकाचा चेहरा वीतभर अंतरावर, पापणीची कातडी ताणून धरलेली. फेशियलला बसलेली बाई डोळे मिटून पाऊण तास आपला चेहरा दुसरीच्या हातात देते. लहानपणी आई डोक्याला तेल लावायची, त्यानंतर इतक्या निवांतपणे तिला कुणी हात लावलेला नसतो. म्हणून मग ती बोलते. सासूचं, नवऱ्याचं, गाठीचं, पाळीचं. बायकांच्या अशा खोलीत दोन बायकांची जवळीक कुणाच्या नजरेत भरत नाही.

उरलेलं काम ‘ताई’ हा शब्द करतो. थोरली ताई झाली की धाकटी आपोआप तिची बहीण, भाची, मुलीसारखी. घरमालक खूश: दोघी बायकाच आहेत, काही त्रास नाही. एखादं तरुण जोडपं आलं तर हाच मालक लग्नाचा दाखला मागतो. वयातलं अंतर या दोघींना झाकतं, आणि ते झाकणं त्यांच्या सोयीचंही असतं. पण ज्या नात्याला शेजारी भाचीचं नातं समजतात, त्याच्यावर संकट आलं की त्याच शेजाऱ्यांकडून कोणती साक्ष मिळणार?

नाव घेतलं की काय होतं, हे आपण पाहिलं आहे. ‘फायर’ चित्रपटातल्या दोघी जावा होत्या, थोरली आणि धाकटी. एका स्वयंपाकघरात राबणाऱ्या जावांची माया कुणाला खुपत नाही. पडद्यावर तिला प्रेम म्हटलं, तेव्हा डिसेंबर 1998 मध्ये गोरेगावच्या चित्रपटगृहात तोडफोड झाली. त्याआधी 1981 मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं होतं. त्यातली सुमित्रा मराठीच बोलते, पुण्याच्याच कॉलेजात शिकते आणि शेवटी जीव देते. तेंडुलकरांनी धाडस केलं यात शंका नाही. पण मुलीवर प्रेम करणारी मुलगी आपल्या रंगभूमीवर ठळकपणे आली तीही मरण्यासाठी, हे मला आजही सलतं. हप्ते भरणारी, कुकर लावणारी, वाद घालून पुन्हा एका ताटात जेवणारी अशी बाई लिहायची आपल्याकडून राहून गेली.

आता वयाचं. एकवीस वर्षांचं अंतर म्हटल्यावर मराठी मन सावध होतं, आणि ते सावध व्हावंच. जरठ-बाला विवाहावर या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. देवलांचं ‘शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातल्या नवरदेव भुजंगनाथाचा म्हातारपणा हा देवलांच्या संतापाचा निम्माच भाग. मुलीला कुणी विचारलं नाही, बापाने पैसे घेतले, आणि तिला पळून जायला दार नव्हतं, हा दुसरा निम्मा. माझ्या मते तोच मोठा. वयाच्या वजाबाकीतून नात्याबद्दल फारसं काही कळत नाही. तिला ‘नाही’ म्हणता येत होतं का, एवढं विचारलं की पुष्कळ कळतं.

हा प्रश्न मी रहाटणीच्या गाळ्यालाही विचारेन, आणि प्रेम दोन बायकांचं आहे म्हणून त्यातून सूट देणार नाही. थोरली मालकीण आहे. पगार तिच्या हातून मिळतो, राहायला जागा तिची, गिऱ्हाइकं तिची. धाकटीने उद्या दुसरीकडे काम मागितलं तर ‘ही चांगली पोरगी आहे’ असं सांगणारीही तीच. अशा ठिकाणी धाकटीचा होकार कितपत मोकळा असतो? बाईच्या हातून बाईवर जबरदस्ती होऊ शकत नाही, ही समजूत खोटी आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात आरोपी पुरुषच असावा असं म्हटलेलं नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसा स्पष्ट निर्वाळाही दिला. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, मालकाविरुद्धची तक्रारही तिथे करता येते. किती पार्लरांतल्या मुलींना हे कुणी सांगितलं आहे?

थोरलीचं प्रेम खरं असेल तर तिने धाकटीला निघून जाता येईल इतकं समर्थ करावं, असं मला वाटतं. बँकेत तिचं स्वतःचं खातं हवं आणि त्यात दर महिन्याला ठरलेला पगार पडायला हवा. ब्रायडल मेकअपची ऑर्डर तिच्या नावाने यावी, गिऱ्हाइकांनी थेट तिला फोन करावा. आयटीआयचं किंवा एखाद्या चांगल्या संस्थेचं प्रमाणपत्र तिच्या कपाटात असावं. समोरच्या रस्त्यावर स्वतःचं पार्लर टाकता येत असूनही जी रोज सकाळी याच शटरला किल्ली लावते, तिच्या होकाराबद्दल मला शंका उरत नाही.

शेजारचे लोक मात्र वेगळाच प्रश्न विचारतात: पोरीचा डोळा गाळ्यावर तर नाही? उलट बाजूने पाहिलं तर गाळ्याच्या बाबतीत सर्वांत असुरक्षित तीच आहे. थोरली उद्या अचानक गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, मूल नसल्यामुळे, पहिला वारस तिचा नवरा. पंधरा वर्षांत फिरकलेला नसला तरी कागदावर नवराच. तो नसेल तर त्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्याही मागे, आणि धाकटी रांगेतच नाही. हे किती निष्ठुर होऊ शकतं ते नारायणीदेवीच्या खटल्यात दिसलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकलून दिलेली ही मुलगी. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी करून तिने पैसा साठवला आणि 1996 मध्ये मृत्युपत्र न करता ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तिची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. केवळ सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. कायद्याचे शब्दच तसे आहेत, असं म्हटलं.

कायदा थोडा हलला आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचं संमतीचं समलिंगी प्रेम मोकळं झालं. नागपुरात 2021 च्या अखेरीस दोन डॉक्टर मुलींनी नातेवाइकांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांचा लग्नाचा हक्क मान्य केला नाही. लग्नसराईत शेकडो नवऱ्या सजवणाऱ्या या दोघींना तो निकाल कुणी वाचून दाखवला नसेल, त्याचा परिणाम मात्र त्यांच्या कपाटातल्या प्रत्येक कागदावर आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारने एवढं कळवलं, की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं, एकमेकींना नॉमिनी करता येतं आणि शिधापत्रिकेसाठी त्या एक कुटुंब मानल्या जाव्यात. हे उपयोगी आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसा तिच्या हाती आला तरी वारस तो मागू शकतात.

तेव्हा कायदा बदलेपर्यंत थोरलीनेच हालचाल करायची आहे. वय तिचं जास्त आहे, मालमत्ता तिच्या नावावर आहे, म्हणून जबाबदारीही तिची. भागीदारीचा करार केला तर धाकटीच्या घामाचा वाटा थोरलीच्या हयातीतच तिचा होतो, कुणाच्या मरणावर अवलंबून राहत नाही. आणि जोडीला मृत्युपत्र. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांत आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती आधीच लिहून ठेवता येते. ती नातेवाईकच असली पाहिजे अशी अट नाही. तो कागदही करून ठेवावा.

हे वाचणारी कुणी थोरली असेल तर तिला माझी विनंती आहे. ताई, मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही. साधा कागद चालतो. गाळा, डिपॉझिट, खुर्च्या, यंत्रं, दागिने, बँकेतले पैसे, एकेक वस्तू लिहा आणि ती कुणाला द्यायची तिचं पूर्ण नाव लिहा. नात्याच्या जागी काय लिहायचं हे सुचलं नाही तर ती जागा कोरी सोडा, नाव पुरतं. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलीत तर पुढे भांडायला येणाऱ्यांना जड जाईल. या आठवड्यात पार्लर ज्या दिवशी बंद असेल, त्याच दिवशी हे करा.