नोंद, आडनाव आणि वंश

कुळाचे आडनाव मागे मागे नेऊ पाहणाऱ्याच्या हाती मुख्यतः दोन प्रकारचे कागद लागतात. एक धंद्याचे आणि दुसरे शाळेचे. धंद्याच्या कागदात माणूस येतो तो कर भरणारा किंवा देणगी देणारा म्हणून आणि शाळेच्या कागदात कोणाचा तरी मुलगा म्हणून. दोन्हींत नाव असते, पण ते वेगवेगळ्या गरजेपोटी लिहिलेले असते. मागोवा घेणारा मात्र दोन्हींकडून एकाच गोष्टीची अपेक्षा करतो : ‘आपण कोण’ याचा पुरावा. नोंदीवरून वंश सिद्ध होतो का, आणि तो सिद्ध झाला तरी माणसाबद्दल नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाला फार पूर्वी पडला होता. त्यावर मीमांसक आणि बौद्ध शेकडो वर्षे भांडले.

महाराष्ट्रातल्या धंद्याच्या सर्वांत जुन्या नोंदी दगडावर आहेत. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागवायचा. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. म्हणजे श्रेणीचे दफ्तर होते आणि त्याला साक्षीपुराव्याचे मोल होते. जुन्नरच्या लेखांत बुरूड, कासार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणी भेटतात. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने तिथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले आहे.

या लेखांत आडनाव शोधणाऱ्याची मात्र निराशा होते. दात्याची ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि धंदा एवढ्यावर भागते. राजे तर आईच्या गोत्रावरून ओळख सांगतात. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे शाळेच्या पुस्तकापासून सर्वांना ठाऊक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या न बदलता चालत राहील असे कुळाचे उपपद तिथे कोणाला लागतच नव्हते, कारण टिकून राहायची होती ती श्रेणी. ठेव तिच्याकडे होती, सभासदाकडे नव्हती.

टिकणे म्हणजे काय, हे मंदसोरचा शिलालेख फार चांगले दाखवतो. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास येऊन स्थायिक झाली. तिने इसवी सन ४३७ च्या सुमारास सूर्याचे देऊळ बांधले आणि पुढे छत्तीस वर्षांनी त्याचा जीर्णोद्धार केला. लेख रचणारा वत्सभट्टी सांगतो की नव्या गावात आल्यावर यातल्या काहींनी धनुर्विद्या पत्करली, काही कथा सांगू लागले, काही ज्योतिषात रमले, काहींनी आपला माग सोडला नाही. तरीही देऊळ बांधले ते रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने, असेच लेख म्हणतो. गाव बदलले, अनेकांचा धंदा बदलला, पहिल्या बांधकामाच्या वेळचे कित्येकजण जीर्णोद्धारापर्यंत उरलेही नसतील, पण नाव तेच राहिले. या लेखात राजांची नावे आहेत, कवीचे आहे, श्रेणीच्या एकाही सभासदाचे नाही. आज ज्याला आपण कुळाचे सातत्य म्हणतो ते इथे रक्ताविना, केवळ सामाईक नावावर आणि सामाईक कार्यावर उभे आहे.

पुढच्या काळात श्रेणींची जागा मराठी मुलखात बलुतेदारीने आणि पेठांमधल्या कारागिरांच्या जमातींनी घेतली. संतांची नावेच पाहावीत. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी ही सगळी नाव आणि धंदा अशी जोडी आहे. पेशवाईत कारागीर आणि दुकानदारांवर मोहतर्फा नावाचा कर होता. कारागिरांची नोंद करणाऱ्या मोडी कागदांत ओळख सहसा ‘अमुक बिन तमुक, तांबट’ किंवा ‘साळी’, ‘रंगारी’ अशी येते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ एकसलग धावते. त्यामुळे शेवटचे पद धंद्याचे आहे, जातीचे आहे की कुळाचे, हे वाचणाऱ्याला संदर्भावरूनच ठरवावे लागते. कारकुनाला तो भेद करण्याची गरज नव्हती. त्याला कर कोणाकडून यायचा एवढेच हवे होते. कुलकर्णी, देशपांडे, फडणीस, पोतनीस ही आडनावे हुद्द्यांची, सराफ आणि कासार ही धंद्यांची. हुद्दा किंवा धंदा सारखा म्हणून आडनाव सारखे, असे इथे घडले आहे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली शेकडो कुलकर्णी घराणी त्यातूनच झाली. समान आडनावावरून समान मूळपुरुष गृहीत धरणे ही हौशी वंशावळकारांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

आता मूळ वादाकडे. यज्ञात यजमानाच्या प्रवराचा, म्हणजे ऋषिपूर्वजांच्या नावांचा, उच्चार होतो. त्या संदर्भात आपण ब्राह्मण आहोत की नाही हे आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे एक धक्कादायक वाक्य वेदात आले आहे. मीमांसासूत्रांवरच्या शाबरभाष्यात या वाक्याची चर्चा आहे. ज्याला स्वतःचा वर्ण प्रत्यक्ष ठाऊक आहे तो असे कसे म्हणेल, ही शंका. त्यावर उत्तर असे की हे वाक्य शब्दशः घ्यायचे नाही, ते प्रवरोच्चाराची स्तुती करण्यासाठी आले आहे. तरी त्यात तथ्यांश आहेच. स्त्रियांच्या हातून प्रमाद घडू शकतो आणि संतती खरोखर कोणाची हे जाणणे कठीण असते.

कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात ‘तंत्रवार्तिका’त हा मुद्दा पुढे नेला. त्यांच्या मते जात डोळ्यांनीच कळते, फक्त त्यासाठी आईवडिलांची जात आधी माहीत असावी लागते. कुठे कोणी चुकले म्हणून सगळ्यांवर संशय घेणे न्याय्य नाही. यानंतर ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट सांगतात : बाप, आजा, पणजा ही परंपरा विसरली जाऊ नये म्हणून राजे आणि ब्राह्मण वंशांचे लेख ठेवत आले आहेत. जातीचे ज्ञान प्रत्यक्ष आहे असे म्हणणाऱ्या दार्शनिकाला शेवटी दफ्तराचा आधार घ्यावा लागला. प्रत्यक्षाला कागदाची जोड लागते हे कबूल करणे म्हणजे निम्मा वाद सोडून देणे होय.

बौद्धांनी नेमके तिथेच बोट ठेवले. गाय पाहिली की ती गाय आहे हे कोणी सांगावे लागत नाही. ब्राह्मण्य मात्र कोणीतरी सांगितल्याखेरीज कळत नाही, तेव्हा ते वस्तूत नाही, सांगण्यात आहे. शांतरक्षितांनी आठव्या शतकात ‘तत्त्वसंग्रहा’त परंपरेच्या शुद्धतेवरही हल्ला केला. इतका प्रदीर्घ काळ लोटला आहे, त्यात स्त्रियांचे मन चंचल, तेव्हा अखंड वंशाची खात्री कोण देणार, असा त्यांचा सवाल. दोन्ही पक्षांनी संशयाचे सारे ओझे स्त्रीवर टाकले आहे. ज्या पुरुषाच्या नावाने वंश मोजायचा त्याच्या वर्तनाची चौकशी कोणालाच करावीशी वाटली नाही. मूळ युक्तिवाद मात्र बौद्धांचाच सरस ठरतो. नोंद फार तर असे सिद्ध करते की अमुक काळी अमुक माणसाने अमुक गोष्ट सांगितली आणि दुसऱ्याने ती मान्य केली.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल गुरूकडे जातो तेव्हा हाच प्रश्न शाळाप्रवेशाच्या रूपात येतो. गुरू गौतम त्याचे गोत्र विचारतात. मुलगा आईने सांगितले तेच सांगतो : अनेकांची सेवाचाकरी करताना तरुणपणी तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, मी जबाला आणि तू सत्यकाम. गौतम त्याला प्रवेश देतात. हा प्रसंग उदारमतवादाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, पण परंपरेने त्याचा अर्थ तसा घेतलेला नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यानुसार गौतमांनी सत्यवचनावरून मुलगा शूद्र नाही असे ठरवले आणि मगच उपनयन केले. म्हणजे रकाना रिकामा ठेवला नाही, अनुमानाने भरला. धर्मशास्त्रानेही अशा पळवाटा ठेवल्या आहेत. ‘मिताक्षरे’नुसार क्षत्रिय आणि वैश्य यांना स्वतःचे गोत्र नाही. त्यांनी पुरोहिताचे घ्यावे. उसने घेतलेले गोत्रही विवाहाच्या वेळी गोत्र म्हणून चालते, याचा अर्थ शास्त्रकारांनाही ते रक्ताचे अक्षरशः वर्णन म्हणून अभिप्रेत नसावे.

साधा हिशेब हेच सांगतो. दहा पिढ्या मागे गेले की माणसाच्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. आडनाव त्यातल्या एकाच जागेकडे नेते. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रिया कागदातून निसटतात आणि त्यांच्यामागे त्यांची माहेरेही. सपिंड-संबंध मोजताना धर्मशास्त्राने निदान आईकडच्या पाच पिढ्या धरल्या होत्या. आडनाव तेवढेही करत नाही.

शाळेच्या नोंदींनी एकोणिसाव्या शतकात या सगळ्याला नवे वळण दिले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, सरकारी शाळा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर नोंदवह्या आल्या. आजही प्रत्येक शाळेत जपले जाणारे जनरल रजिस्टर पाहिले तर त्यात अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. ज्यांच्या घरी आडनावाची गरज कधी पडली नव्हती त्यांनाही इथे ते सांगावे लागले. पालकाला ते सांगता येईना तेव्हा गुरुजींनी सुचवले. याच रजिस्टरांमुळे १ जूनला जन्मलेल्यांचा एक भलामोठा समाज महाराष्ट्रात तयार झाला आहे. तारीख ठाऊक नसलेल्या मुलाला शाळा सुरू होण्याच्या हंगामातली सोयीची तारीख मिळाली. ज्या लेखणीने ती अंदाजाने लिहिली तिनेच शेजारच्या रकान्यात आडनाव आणि जातही लिहिली आहे, हे मागोवा घेणाऱ्याने विसरू नये.

शाळेच्या नोंदीने आडनाव घडवल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण साताऱ्याचे आहे. तिथल्या सरकारी शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगडजवळचे आंबडवे. नव्या आडनावाचा संबंध चरित्रकार गावाच्या नावाशी आणि आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांशी जोडतात. कुळाच्या शोधात मागे जाणाऱ्याला हे नाव फार लांब नेत नाही. पण १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लाखो लोकांनी त्या नावाशी जे नाते जोडले त्यात वंशाचा भाग शून्य आहे. मंदसोरच्या श्रेणीसारखेच ते सामाईक संकल्पावर उभे आहे. शाळाप्रवेशाचा तो ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

स्वतंत्र भारतात याच नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून उभ्या राहिल्या. जात प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा दाखला किंवा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्यामुळे घरातल्या दागिन्यासारखा जपला जातो. संविधानपूर्व कागदाला न्यायालये अधिक वजन देतात, कारण तो लिहिला गेला तेव्हा त्यातून लाभ मिळवण्याचा हेतू नव्हता. हे तत्त्व योग्यच आहे. केवळ आडनावावर मात्र काही ठरत नाही. ‘ठाकूर’ हे आदिवासी जमातीचेही नाव आहे आणि बिगर आदिवासी घराण्यांचे आडनावही, म्हणून हे दावे वर्षानुवर्षे पडताळणी समित्यांपुढे पडून राहिले. चालीरीती, देवदैवते, बोली यांवरून होणारी आप्तभावाची चाचणी निर्णायक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. तेव्हा मोडी वाचकांना मागणी आली, शाळांची रजिस्टरे आणि कोतवाल बुके पुन्हा उघडली गेली. कुमारिलांच्या वंशलेखांना इतके ग्राहक यापूर्वी कधी मिळाले नसतील.

कायदा नोंदीला जे मोल देतो ते सोयीचे आणि मर्यादित आहे : कोणत्या समूहाला ऐतिहासिक अन्यायाची भरपाई द्यायची हे ठरवण्याचे साधन. नोंद माणसाचा स्वभाव, पात्रता किंवा शुद्धता सांगते असे आजचा कायदा म्हणत नाही. तसे म्हणणारी बाजू तत्त्वज्ञानाच्या आखाड्यात बाराशे वर्षांपूर्वीच हरली आहे. वंशावळ शोधणाऱ्याने कागद जरूर शोधावेत, पण प्रत्येक नोंदीपाशी ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि सांगणारा कोण होता, हे तीन प्रश्न विचारावेत. सांगणारी आई असली तरी तिचे नाव मात्र रजिस्टरात नसे. महाराष्ट्र सरकारने आता त्यात बदल केला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदपत्रांत आणि शाळेच्या नोंदींत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची आहेत.