पंखाचं टोक

माणसाच्या आयुष्यात तत्त्वज्ञान कधी घुसेल याचा नेम नाही. माझ्या आयुष्यात ते दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरून पडलं. म्हणजे पडलं ते विमान, पाडलं मी.

विमान आमच्या दादाचं. 1978 साली नागपूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या हवाई शाखेत त्यानं ते बाल्साच्या काड्या आणि तलम कागद चिकटवून केलं. बिनइंजिनाचं, दोरीनं ओढून सोडायचं. दादा जाऊन बारा वर्षं झाली. विमान मात्र यवतमाळच्या घरात, कपाटावर, जुन्या पंचांगांशेजारी विसावलं होतं. डाव्या पंखाचं टोक मोडलं आणि दादाच्या नातवानं, वय वर्षं दहा, फर्मान काढलं, "धाकटे आबा, हे नीट करायचं. आणि उडवायचं!"

यवतमाळ हा सागवानाचा जिल्हा. पण बाल्सा येतो दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून, आणि वजनाला सागवानाच्या साधारण पावपट. ओळखीच्या सुतारानं मोडका तुकडा तळहातावर तोलला आणि म्हणाला, "हे लाकूड हाय का भाऊ? हे तं पऱ्हाटीहून हलकं हाय!"

शेवटी बांबूच्या कामट्या तासल्या, वर पतंगाचा ताव चढवला. टोक झकास झालं. फक्त जड झालं. आणि टोक हे विमानाच्या मध्यापासून सर्वांत लांब. तिथं चार ग्रॅम वाढले तरी सगळं विमान त्या अंगाला कलतं. पहिल्याच फेकीत ते तुळशीवृंदावनाला अर्धी प्रदक्षिणा घालून आडवं झालं.

"उजवंही नवीन करा," नातू म्हणाला.

इथं खरी पंचाईत. उजवं टोक धडधाकट होतं. आतल्या फासळीवर दादाच्या अक्षरात पेन्सिलीनं 'उजवा' लिहिलेलं होतं. जोडीदार मोडला म्हणून त्या निरपराध्याला कापायचं? आणि दोन्ही टोकं माझी झाल्यावर विमान दादाचं कसं?

अशा वेळी माणूस पुस्तकात शिरतो. अथेन्सच्या लोकांनी थेसियसचं जहाज जपलं. फळी कुजली की नवी बसवत गेले. जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञ भांडत, असं प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं, रथ म्हणजे चाक का? आस का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेला. सगळं जुळून आलं की त्याला आपण रथ म्हणतो, एवढंच.

यवतमाळकरानं एवढं लांब कशाला जावं? आमची शकुंतला आठवा. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. म्हणून ही शकुंतला नव्हे, असं कुणी म्हणालं का? पुढं मूर्तिजापूरची तिची ये-जाच थांबली, तेव्हा मात्र गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तात्पर्य, वस्तू तिच्या भागांत नसते, चालण्यात असते.

हा युक्तिवाद मला फारच आवडला. इतका, की माझाच मला संशय आला. मोडणाऱ्याला 'वस्तूत काय आहे हो!' हे तत्त्वज्ञान जरा लवकरच पटतं. ज्याची वस्तू त्याला विचारायला हवं. तो नाही, तर ज्यांनी ती जपली त्यांना. म्हणून वहिनींकडे गेलो आणि पाडलं मीच, हेही आधी सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते उडायसाठीच केलं होतं. कपाटावर ठेवून आपणच त्याचा फोटो केला. कापा. पण काढलेली टोकं फेकू नका, मला द्या."

दुसरं टोक बसवलं. नव्या फासळीवर 'उजवा' लिहिताना दादाचं वळण हुबेहूब काढायचा मोह झाला. जमलंही असतं, लहानपणी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही काढून झालेली होती. पण हात थांबला. पोराला 'आजोबांचं विमान' म्हणून सांगायचं, तर त्यातलं माझं कुठलं हे कळायला नको? माझ्याच गचाळ अक्षरात लिहिलं.

मैदानावर विमान सरळ गेलं, कडुनिंबापर्यंत. "आजोबांचं विमान!" नातू ओरडत धावला. मी दुरुस्ती केली नाही. घरी आल्यावर त्यालाच टोकावरचा कागद उजेडापुढं धरायला लावला आणि आतलं अक्षर कुणाचं ते सांगितलं.

त्यानं नीट पाहिलं. म्हणाला, "पुढच्या वेळी मोडलं, की मी लिहीन."