पाणी कोणी घालावे

भाषांतराचे पैसे शब्दांवर मिळतात आणि उशिरा मिळतात. मधली फट बुजवायला मी बागेवर लिहू लागले. चेन्नईत तिरुवान्मियूरला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची, गच्चीवर चाळीसेक कुंड्या. महिन्याला एक लेख इथल्या इंग्रजी पुरवणीसाठी, एक पुण्याच्या मासिकासाठी मराठीत. नोकरी कुठेच नाही. लेख छापून आला तर मानधन, नाही तर नाही.

पहिली मोठी चूक पंचांगाची झाली. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात बारा महिन्यांचा एक क्रम पक्का बसलेला असतो. मी इथल्या वाचकांना जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मनातल्या मनात मृगावर, भेंडी आणि दोडका पेरायला सांगितलं. चेन्नईचा जून म्हणजे भट्टी. वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा इथे ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, आणि पेरणीचा मुहूर्त तमिळ म्हणीने केव्हाच ठरवून ठेवला आहे: आडीचा हंगाम शोधून पेर. आडी महिना जुलैच्या मध्याला लागतो. एका निवृत्त गृहस्थांनी ही म्हण पोस्टकार्डावर लिहून पाठवली. खाली वाया गेलेल्या बियांच्या पाकिटांची संख्या. राग नव्हता, नुसता आकडा. कादंबरीच्या भाषांतरात माझा एखादा शब्द चुकला तर वाचकाच्या घरात काही वाळत नाही. इथे वाळलं होतं.

पण तो प्रश्न माहितीचा होता, आणि माहिती मिळवता येते. खरा पेच 2019 च्या उन्हाळ्यात आला.

त्या जूनमध्ये पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, एका फेरीला 25 लाख लिटर. रस्तोरस्ती टँकरसमोर प्लॅस्टिकच्या रंगीत कुडमांची, म्हणजे घागरींची, रांग. आमच्या इमारतीची बोअर मचूळ झाली होती. सोसायटी पैसे मोजून टँकर मागवायची. नेमक्या त्याच दिवसांत पुरवणीने लेख मागितला: उन्हाळ्यात गच्ची फुलती कशी ठेवावी.

माझा मजकूर आधी मराठीत होतो, मग इंग्रजीत. ‘सकाळ-संध्याकाळ कुंड्यांना पाणी घालावे,’ असं लिहिलं आणि थांबले. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो तेव्हा त्यात इतकी सोय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. पाणी आहे, घालणं आहे. घालणारं कोणी नाही, आणि वाक्याला काही उणं पडत नाही. तमिळमध्ये ‘तण्णीर ऊट्रवुम’ लिहितात, तिथेही कर्ता नाही. इंग्रजी आज्ञार्थाला तर तो बोलून दाखवायची गरजच वाटत नाही. तीन भाषांतून एकच माणूस गाळलेला. आमच्या गच्चीवर तो माणूस म्हणजे आमच्याकडे कामाला येणारी बाई. पहाटे चारला तिच्या वस्तीत टँकरसमोर उभं राहायचं, नऊला आमच्याकडे यायचं, मग खालच्या टाकीतून बादल्या भरून, लिफ्ट नसलेले मजले चढून, माझ्या चाळीस कुंड्या भिजवायच्या. माझ्या एकाही लेखात ती नव्हती. ‘माझी बाग’ मात्र प्रत्येक लेखात होती. तौलनिक साहित्याच्या वर्गात मी ‘संहितेतून गाळलेले आवाज’ यावर वीस पानं लिहिली होती. गुणही बरे पडले होते.

सुटका शोधत मी एम. कृष्णन वाचत बसले. 1912 साली जन्मलेले हे मद्रासचे निसर्गलेखक, तमिळ कादंबरीकार अ. माधवैया यांचे चिरंजीव. चाळीसच्या दशकात त्यांनी घोरपड्यांच्या संदूर संस्थानात नोकरी केली आणि नंतर लेखणीवरच राहिले. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मधलं ‘कंट्री नोटबुक’ हे सदर त्यांनी 1950 पासून 1996 मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहिलं. बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांचं त्यांना कौतुक नव्हतं. जे इथलं आहे आणि आपलं आपण वाढतं, त्यावर त्यांचा जीव. मला वाटलं, हे बरं. ज्याला कोणी पाणी घालत नाही त्याच्यावरच लिहावं. कर्त्याचा प्रश्नच मिटला. पण ती बाग नव्हे. बाग म्हटली की कोणाचा तरी हात आलाच. शिवाय आमच्या गच्चीच्या पन्हळीपाशी, फटीत, न लावता उगवलेली सदाफुली मूळची मादागास्करची. कृष्णन यांचा नियम तिच्यापाशीच अडखळला.

मग मी ठरवलं, पाणी बंद. शहर तहानलेलं असताना मोगरा फुलवणं बरं नव्हे. बाईला सांगितलं, उद्यापासून कुंड्यांना पाणी नको. तिला सुटल्यासारखं वाटेल अशी माझी कल्पना. खरं सांगायचं तर त्या सुटकेचं श्रेय मला हवं होतं, आणि लेखाला एक चांगला शेवटही.

तिसऱ्या दिवशी ती गच्चीवरून खाली आली ती संतापूनच. मोगऱ्याच्या कळ्या देठाशी पिवळ्या पडल्या होत्या. “अक्का, तीन वर्षं मी वाढवलाय. तुम्ही कसा मारता?”

रोज त्यातला मूठभर मोगरा ती केसांत माळून जायची, हे मी पाहत होते. तो ती आपला म्हणून तोडते, हे ध्यानात आलं नव्हतं. योग्य काय, याची मी मनात दोन दिवस चर्चा केली होती. ते ठरवायचं कोणी, हे विचारलंच नव्हतं. पाप माझं तर प्रायश्चित्तही माझं, असा हिशेब. लेखातून तिला गाळलं होतं, तशीच पश्चात्तापातूनही.

मग काय जगवायचं ते तिनेच ठरवलं. तांदूळ आणि भाजी धुतल्याचं पाणी बादलीत साठवायला मला लावलं. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मी सुचवलं, तर तिने एक थेंब जिभेवर घेतला आणि मान हलवली: खारट. मोगरा, कढीपत्ता, कोरफड आणि ड्रममधला शेवगा राहिले. पिटुनिया आणि जरबेरा गेले. बोगनवेलीला तहान मानवते. ती उलट लालभडक झाली. चाळिसांतल्या अकरा कुंड्या उरल्या.

हेच मी लिहून दिलं, कोणी काय ठरवलं त्यासकट. संपादकांनी बादली ठेवली, बाई काढली. वाचकाला कृती हवी असते, असं कळवलं. मी हुज्जत घातली नाही. घालायला हवी होती. पण त्या महिन्यात ते पैसे हवे होते.

मानधनाचे दीड हजार आले तेव्हा अर्धे तिच्यापुढे ठेवले. तिने मोजले नाहीत. असा लेख परत कधी छापतील, म्हणून विचारलं. सांगता येत नाही, मी म्हटलं.

“मग हे नको. पगारात महिन्याला दोनशे वाढवा.”

म्हणजे वर्षाला चोवीसशे. मी आकडेमोड करत होते तोवर ती बादली उचलून वर गेली होती.