स्यमंतक आणि संशय

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, आणि चुकून दृष्टीस पडलाच तर स्यमंतकाची कथा ऐकावी, अशी आपल्याकडे रूढी आहे. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर चवथीच्या दिवसांत हे आख्यान आम्हांला वारंवार लावावे लागते. एके वर्षी आरती झाल्यावर एक म्हातारे रापणकर जवळ आले नि म्हणाले, “बुवा, देवान तो मणी दर्यात कित्याक नाय टाकल्यान? सगळो वाद मिटलो असतो.”

द्वारका समुद्रातच. टाकायला दूर जावे लागले नसते. मग का नाही टाकला? प्रश्न साधा, पण त्याने आम्हांला पुन्हा पोथी उघडायला लावली.

कथा दशमस्कंधाच्या ५६ व ५७ या अध्यायांत आहे. सूर्याने सत्राजिताला दिलेला हा मणी रोज आठ भार सोने देई. अमरकोशाच्या हिशेबाने एक भार म्हणजे २००० पळे. आठांचा हिशेब वाचकांनीच करावा. शिवाय जेथे त्याची पूजा होते तेथे दुष्काळ नाही, रोगराई नाही, सर्पभय नाही. श्रीकृष्णाने तो राजा उग्रसेनासाठी मागितला. सत्राजिताने दिला नाही. रापणीचे जाळे ओढून झाले की ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा पडतो. सत्राजिताला वाटाच मान्य नव्हता. पुढे त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला. त्याला सिंहाने मारले, सिंहाला जांबवंताने. इकडे सत्राजित म्हणू लागला, कृष्णानेच माझ्या भावाला मारले असावे. ‘असावे’ एवढेच म्हणाला हो! पण लोकांनी ते कानोकानी नेले.

आता पाहा. दुष्काळ, रोग, साप यांना दूर ठेवणारा मणी, पण संशयाला दूर ठेवू शकला नाही. उलट तोच संशयाचे बीज झाला.

कोणी म्हणेल, म्हणून तर संतांनी असल्या वस्तू फेकूनच दिल्या. नामदेवरायांनी परिसा भागवताचा परीस चंद्रभागेत टाकल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. खरे आहे. पण त्याच कथेत पुढे काय झाले? परीस लपवला म्हणून नामदेवांवरच आळ आला. नदीतून ओंजळभर खडे काढून दाखवले, ते सगळेच परीस निघाले, तेव्हा कुठे लोकांची तोंडे बंद झाली. तात्पर्य, वस्तू पाण्यात बुडते. संशय तरंगत वर येतो.

भगवंताने हे जाणले. तो नुसता ‘मी निर्दोष आहे’ म्हणत घरी बसला नाही. लोकांना बरोबर घेऊन माग काढत गुहेपर्यंत गेला, त्यांना बाहेर थांबवून एकटा आत शिरला, अठ्ठावीस दिवस जांबवंताशी लढला. बाहेरची मंडळी बाराव्या दिवशीच परतली होती. मणी आणला तो राजसभेत सत्राजिताला बोलावून सर्वांदेखत परत दिला. पुढे सत्राजिताचा वध झाला, शतधन्वा मारला गेला, तरी मणी सापडेना, आणि प्रत्यक्ष बलरामदादांचाही विश्वास डळमळला! मणी अक्रूराजवळ होता. श्रीकृष्णाने त्याला सभेत मणी फक्त दाखवायला लावला, आप्तांचा संशय फेडला, आणि पुन्हा त्याच्याच हाती ठेवला. विष्णुपुराणात तर भगवान सांगतात की हा मणी शुचिर्भूत व ब्रह्मचर्याने राहणाऱ्यानेच धारण करावा. सोळा सहस्र स्त्रियांच्या पतीला तो झेपणारा नाही. आपले उणे चारचौघांत सांगायला देवालाही लाज वाटली नाही.

आम्हांला मात्र वाटली. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका घरी गौरीची नथ हरवली. आमच्याबरोबर मृदंगाला आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर यजमानांचा डोळा गेला. सगळ्यांसमोर त्याची पिशवी उलटी करून पाहिली. तो संध्याकाळभर आमच्याच शेजारी पडवीत बसून मृदंगाला शाई लावत होता, हे आम्हांला पक्के ठाऊक होते. पण बिदागी मिळायची होती. आम्ही गप्प बसलो. दोन दिवसांनी नथ निर्माल्यात, तेरड्याच्या पाल्यात सापडली. यजमान हसले, ‘सापडली एकदाची’ म्हणाले. ज्या मंडळींदेखत पिशवी झाडली होती त्यांना पुन्हा बोलावून ‘पोर निर्दोष आहे’ असे कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही. तो मुलगा परत साथीला आला नाही.

त्यानंतर किती वेळा हे आख्यान लावले! पण रापणकरांनी विचारले तेव्हा प्रथमच उमगले, की देवाने मणी दर्यात टाकला असता तर आळ त्याच्या माथी कायमचा राहिला असता. आळ चारचौघांत आला, तर तो फिटायलाही चारचौघेच हवेत. घरात कानाशी म्हटलेले ‘चुकलं हो’ पुरत नाही. आणि जो खरे जाणतो त्याचे मौन हा त्या आळातला वाटाच आहे.

तेव्हा चवथीला कथा ऐकाल ती चंद्रदोष टळावा एवढ्यासाठीच ऐकू नका. आपल्या मौनामुळे कोणाची पिशवी अजून उलटी पडलेली आहे काय, हेही आठवा, आणि ती चार लोकांदेखत सरळ करा. आम्ही आमचे येथे लिहिले आहे. रामकृष्णहरि.