बुरशीच्या हातून

काटोलच्या अलीकडे माझ्या मामांचे जे थोडेसे सोयाबीन-तुरीचे रान आहे, तेथे गेल्या भाद्रपदात, आठवडाभर लागलेली झड उघडल्यावर, त्यांनी मला पानाला घट्ट चिकटून काष्ठवत ताठ झालेली आणि पिठात लोळवल्यासारखी पांढरी पडलेली एक अळी दाखविली, आणि मग चार तासे सोडून, जेथे त्यांनी कृषी सेवा केंद्रातून आणलेली बुरशीची भुकटी पाण्यात कालवून पंपाने फवारली होती, तेथली तशीच दुसरी अळी दाखवून ते म्हणाले, "हे पावसानं मारली, अन् हे म्या मारली. दोघी सारख्याच मेल्या. मंग पाप कोनाले लागते, सांग बरं?" मी गप्प राहिलो. नागपूरच्या दिवाणी कचेरीत ज्याने उभे आयुष्य दुसऱ्यांच्या जबाबदाऱ्यांचा निवाडा मागण्यात घालविले, त्याला आपल्याच मामांच्या बांधावर निरुत्तर व्हावे लागले, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

झडीच्या दिवसांत सोयाबीनवरील अळ्यांना आपोआप ग्रासणारी जी बुरशी आहे, तिला शास्त्रज्ञ नोमुरिया म्हणतात. पुड्यांतून मिळणाऱ्या बिव्हेरिया आणि मेटारायझियम या तिच्याच जातकुळीतल्या. त्यांची मारण्याची रीत विषाहून अगदी भिन्न आहे. विष बहुधा पोटात जावे लागते किंवा मज्जातंतूंना भिडावे लागते. बुरशीचा बीजाणू मात्र अळीच्या नुसत्या अंगाला चिकटतो, हवेत पुरेसा ओलावा असला की त्याला अंकुर फुटतो, तो अंकुर कीटकाचे कायटिनचे कवच विकरांनी विरघळवीत आत शिरतो आणि आतल्या द्रवावर पोसला जाऊन चार-आठ दिवसांत सारे शरीर व्यापून टाकतो. आणि देह निर्जीव झाल्यावर पुन्हा बाहेर येऊन त्याच्यावर नवे बीजाणू पसरून ठेवतो. अगोस्तिनो बास्सी या इटालियन संशोधकाने 1835 मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचे मूळ अशा बुरशीत असल्याचे सिद्ध केले, आणि बिव्हेरियाच्या एका जातीला पुढे त्याचेच नाव मिळाले. 1879 मध्ये मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने रशियात गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध मेटारायझियम वापरण्याची कल्पना मांडली. म्हणजे बास्सीने जिला रोग म्हणून ओळखले, तिलाच पुढच्या पिढ्यांनी औषध म्हणून पुडीत भरले. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे जोपासणाऱ्या माणसाला अशी बुरशी आजही शत्रूच वाटेल, आणि त्याच वेळी शेजारचा कपाशीवाला तिला मित्रबुरशी म्हणेल. 'उपकारक' हे विशेषण आपल्या गरजेने दिलेले आहे. बुरशीच्या ठिकाणी ना उपकार आहे, ना अपकार.

ट्रायकोडर्माची गोष्ट थोडी निराळी. तुरीच्या मुळातून शिरून उभे झाड वाळविणारी जी मर, ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीचे काम. किलोभर बियाण्यास 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून पेरले, तर ती हिरवी बुरशी मुळांभोवती आपले ठाणे आधी बसविते, आगंतुक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते आणि त्यांची भित्ती विरघळविते. संत्र्याच्या रोपवाटिकांत मूळकूज आणि डिंक्या यांविरुद्धही ती शेणखतात वाढवून घालतात. येथे मामांच्या मनाला टोचणी लागत नाही, कारण बुरशी मेली म्हणून कोणी सुतक धरीत नाही. मात्र जैन विचारवंतांनी बुरशीलाही जीवराशीत गणले आहे, आणि जिवाच्या इंद्रियांच्या संख्येनुसार हिंसेची तरतमता लाविली आहे. रामटेकच्या शांतिनाथाच्या मंदिरात बसून या प्रश्नाचा विचार केला, तर ट्रायकोडर्माही निर्दोष सुटत नाही, फक्त तिचा गुन्हा लहान ठरतो. त्याच परंपरेने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार विभाग पाडून, केवळ मारण्याच्या हेतूने केलेली पहिली तेवढी सर्वथा वर्ज्य सांगितली, आणि शेतीभातीत अपरिहार्यपणे घडणारी हिंसा उद्योगीत घातली. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधही कौशिक ब्राह्मणाला हेच ऐकवितो, की ज्या शेतीला लोक साधुवृत्ती मानतात, तिच्या नांगराखाली भूमीत राहणारे असंख्य जीव चिरडले जातात. शेतकऱ्याला पूर्ण अहिंसक होण्याचा दाखला या दोन्ही ठिकाणी दिलेला नाही, आणि त्याचा धिक्कारही केलेला नाही. हा समतोल मला फार मोलाचा वाटतो.

मामांचा प्रश्न मात्र त्याच्या पुढचा आहे. पावसाने मारलेल्या अळीत आणि पंपाने मारलेल्या अळीत देहाच्या दृष्टीने तिळमात्र भेद नाही. मरणाची रीतही तीच, वेदना असलीच तर तीही तीच. भेद आहे तो एवढाच, की दुसरीच्या मागे कोणाचा तरी संकल्प उभा होता. अलीकडे जैविक निविष्ठा विकणारे आणि त्यांचा प्रचार करणारे सज्जन पुष्कळदा असे बोलतात, की येथे माणूस काही मारीतच नाही, निसर्गच निसर्गाला आवरतो; हा युक्तिवाद मला मान्य नाही. पतंजलीने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार केले, ते हीच पळवाट बुजविण्यासाठी. मुखत्याराने केलेला व्यवहार मूळ मालकावर बंधनकारक असतो, हे कचेरीतल्या कारकुनालाही ठाऊक असते. मग मालकाने भुकटी विकत घ्यावी, पाण्यात कालवावी, संध्याकाळची वेळ साधून ती पानांवर उडवावी, आणि आठव्या दिवशी मेलेल्या अळीकडे बोट दाखवून 'हे बुरशीने केले' असे म्हणावे, हे कोणत्या न्यायाने? बुरशीला इच्छा नाही, म्हणून तिला उत्तरदायित्वही नाही; आणि ज्या कृत्यातील एका पक्षाला उत्तरदायित्व असूच शकत नाही, तेथे ते सगळे दुसऱ्या पक्षाकडे येते.

असे असूनही मी मामांच्या हातातून पंप काढून घेणार नाही. याच नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी लक्षावधी लोकांना धम्मदीक्षा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांच्याकडून घेतली. आणि 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असे सांगून, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. दीक्षा घेणाऱ्यांत मातीत राबणारी माणसे अगणित होती; त्यांना पाळता येणार नाही असा नियम न देता विचार करण्याचे तत्त्व दिले, यात मला त्या महापुरुषाची करुणा दिसते. पण गरज कोणी ठरवावी? कृषिशास्त्राने याचे एक उत्तर तयार ठेवले आहे, आणि ते धर्मचर्चेत कोणी आणीत नाही याचे मला नवल वाटते. किडीच्या 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणून जी मर्यादा सांगतात, ती ओलांडल्याशिवाय फवारू नये, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो; गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी 8 पतंग सापडले तरच उपाय योजावा, असे कापूस संशोधक सांगतात. ही संख्या व्यवहारातून आली खरी; पण जो रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजतो आणि सात आहेत म्हणून पंप खाली ठेवतो, त्याने इच्छा आणि गरज यांच्यामधली रेघ आपल्या हाताने आखलेली असते.

आणि विषाशी तुलना केल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्यांच्या हातात पंप होता, त्यांतील अनेकांच्या नावावर त्या शेताचा सातबाराही नव्हता. अळीवर काढलेला हुकूम माणसावर बजावला गेला. बुरशी असा घात करीत नाही. ती उन्हात मरते, कोरड्या हवेत निकामी होते, बुरशीनाशकाबरोबर कालवली की नष्ट होते. तिला संध्याकाळ हवी, ओलावा हवा, आणि धन्याला आठ दिवस वाट पाहण्याची तयारी हवी, ज्या अवधीत अळी काही पाने खाणारच. तेवढा वाटा सोडून देणे ज्याला जमत नाही, त्याच्या हाती ती टिकत नाही. तिच्या हातून झालेली हिंसा ही हिंसाच आहे, परंतु तिला सीमा आहे, आणि ती सीमा सांभाळण्यासाठी माणसाला रोज शेतात जाऊन पाहावे लागते.

दसऱ्याला मामा सोने द्यायला नागपुरास आले, तेव्हा मी त्यांना एवढेच म्हणालो, की मामा, पावसाने मारली ती कोणाचीच नाही, पण दुसरी अळी तुम्हीच मारलीत, आणि ती मारताना मोजली होती का, हे तुमचे तुम्ही आठवा. ते बराच वेळ आपट्याची पाने हातात चाळवीत बसले आणि म्हणाले, "मोजली नोती." यंदा त्यांनी तुरीचे बियाणे ट्रायकोडर्मा चोळून पेरले आहे, सोयाबीनमध्ये ते रोज सकाळी वही घेऊन जातात, आणि अजून त्यांनी पंप उचललेला नाही.