निमित्तमात्र कोण?

आमच्या गावचा एक मुलगा ट्रेलरवर चालक म्हणून नुकताच लागला. कायद्याने वयाची 20 वर्षे पुरी व्हावी लागतात, लहान गाडीचा परवाना वर्षभर जवळ असावा लागतो. ते सारे करून, उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहून तो चाकावर बसला. या गाडीला फाळके नसतात. नुसता सपाट पाट आणि त्यावर पोलादी पत्र्याची गुंडाळी, एकेक 20-20 टनांची. तिला धरून ठेवणारे काय? खाली लाकडाच्या उट्या, वरून साखळदंड. गोल वस्तूचा स्वभावच लोळण्याचा. चढावर ती मागे ओढते, वळणावर बाजूस रेलते, आणि ब्रेक करकचून दाबला तर गाडी थांबते, ती थांबत नाही. पुढे केबिन असते, केबिनीत माणूस.

पहिल्याच फेरीच्या रात्री कळंबोलीच्या लोखंड बाजारातून त्याचा आम्हांस फोन. "महाराज, एका बाजूची उटी अर्धीच बसलीय. क्रेनवाला गेला. मालक म्हणतो, बांधणारे बांधून गेले, तुझं काम चालवायचं, आत्ता नीघ. काही झालं तर पाप कुणाचं?"

आम्ही झोपेत होतो. बापाच्या डोक्यावरचे कर्जही आम्हांस ठाऊक. म्हणालो, "अरे बाळा, आपण निमित्तमात्र. मालकाचं ऐकावं." फोन ठेवला, झोप मात्र गेली ती गेलीच.

वाचकहो, पाठशाळेत आम्ही तर्कशास्त्र घोकले. त्यात घटाचे उदाहरण येते. माती हे समवायी कारण. आणि निमित्त कारण कोण? तर कुंभार! त्याचा दंड, त्याचे चाकही. म्हणजे शास्त्रातला 'निमित्त' हा प्रत्यक्ष घडविणारा आहे, हात झटकून बाजूला उभा राहणारा नव्हे. व्यवहारात आपण तो शब्द उलटाच करून टाकला. कौतुक झाले की आपण कर्ते, चुकले की निमित्त. (कीर्तनकारही यात मागे नाहीत.)

कोणी म्हणेल, बांधणाऱ्याचा दोष चालकाने का घ्यावा? सारा घेऊ नयेच. बांधणाऱ्याचा त्याच्यापाशी, मालकाचा मालकापाशी. पण बांधणाऱ्यास उटी अर्धी बसल्याचे कदाचित कळलेही नसेल; मुलास कळले होते. जाणले, की तेथून आपला वाटा सुरू झाला. आणि बोरघाटात मागून येणाऱ्या गाडीतली माणसे? त्यांना या वादातले काहीच ठाऊक नाही. ती कुणाच्या भरवशावर निघालेली असतात?

मग ध्यानी आले, की आता आम्हीही जाणतो आहोत. पहाटे साडेतीनला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. सहाच्या सुमारास उचलला.

"कुठं आहेस रे?"

"इथंच, कळंबोलीला. तुमचं ऐकलं नाही, महाराज, माफ करा. क्रेन आठला येणार."

मालकाने त्या फेरीची मजुरी कापली. बाप आमच्याशी बोलत नाही. महाराजांनीच पोराला अडवले, असा त्याचा समज आहे. खरे काय घडले ते सांगायला या एकादशीस त्याच्या घरी जायचे आहे.