ऐकलेले आणि वाचलेले

आम्ही जोगेश्वरीला राहतो आणि घाटकोपरच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. 2014 साली मेट्रो सुरू झाली, त्याआधीची आमची नोकरीची पहिली दोन वर्षे साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये, बसच्या सीटवर गेली. तेव्हा हातात पुस्तक असे. मेट्रोत अंधेरी ते घाटकोपर थोडीच मिनिटे लागतात, पण सकाळी उभे राहायलाच जेमतेम जागा मिळते; पुस्तक उघडायला कोपर हलत नाही. म्हणून आम्ही कानात इयरफोन घालून पॉडकास्ट ऐकू लागलो. जाताना अर्धा भाग, येताना अर्धा.

त्यातला एक पॉडकास्ट आम्हाला विशेष आवडे. दोन तरुण मुले उर्दूतून गप्पा मारतात. प्रत्येक भागात एकच पुस्तक, आणि तेही लोकांना कित्येक वर्षांपासून वाचायचे आहे पण वाचायचे राहून गेले आहे असेच. पाहुणा आधी सांगतो की पुस्तक घरात किती वर्षे पडून आहे, मग हसतो, मग बोलणे सुरू होते. एके दिवशी त्यात मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'ची पाळी आली.

हे पुस्तक आमच्या घरात बी.एड.च्या वर्षापासून आहे. जे.जे.जवळच्या मक्तबा जामियाच्या दुकानातून घेतले होते. त्यातला चिमणा-चिमणीचा भाग आम्ही विद्यार्थी असताना वाचला होता, आणि शिक्षक झाल्यावर दरवर्षी झेरॉक्स काढून नववीच्या वर्गात शिकवत आलो. पुढे कधी गेलो नाही. दोनदा प्रयत्न केला; दोन्ही वेळा फारसी शेरांच्या गर्दीत तिसऱ्या-चौथ्या पानावरच अडकलो. पण चिमण्यांच्या जोरावर स्टाफरूममध्ये आम्ही 'गुबार-ए-खातिर वाचलेले शिक्षक' म्हणून ओळखले जात होतो, आणि ही ओळख दुरुस्त करावी असे आम्हाला कधी वाटले नाही.

पॉडकास्टचा तो भाग फार छान होता. ऑगस्ट 1942 मध्ये गवालिया टँकच्या अधिवेशनानंतर दुसऱ्याच पहाटे झालेली अटक, मुंबईहून रेल्वेने अहमदनगरच्या किल्ल्यात नेणे, मौलानांचे पहाटे उठणे, स्वतःच्या हाताने केलेला दूध नसलेला चिनी चहा, त्याच किल्ल्यात नेहरूंचे चाललेले 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चे लेखन, आणि एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्याहून आलेली पत्नी झुलेखा बेगम यांच्या इंतकालची खबर. त्या दिवशी आम्ही वर्गात गेलो आणि झेरॉक्स बाजूला ठेवून पूर्ण तास बोललो. मुले एवढी शांत आम्ही क्वचित पाहिली आहेत. शेवटी रंगात येऊन सांगितले, "मौलाना तुरुंगातून आपले दोस्त हबीबुर रहमान खान शेरवानी यांना अशी पत्रे पाठवत असत. तुम्ही हे पुस्तक जरूर वाचा. आम्ही किती वेळा वाचले याचा हिशोब नाही."

दीड-दोन महिन्यांनी त्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत थांबली. तिने वडिलांच्या मोबाइलवर, रेख्ताच्या ई-लायब्ररीत, ते पुस्तक वाचायला घेतले होते. सगळे कळत नव्हते, पण जेवढे कळत होते तेवढे वाचत होती. म्हणाली, "सर, ही पत्रं तर त्यांनी पाठवलीच नव्हती. तुरुंगातून पाठवता येत नव्हती. लिहून ठेवली होती नुसती." आम्ही म्हणालो, "हो, हो, बरोबर." मग तिने विचारले, "पाठवायची नव्हती तर लिहिली कशाला, सर? त्याबद्दल पुढे काही आहे का?"

आम्हाला माहीत नव्हते. घंटा झाली, ते बरे झाले.

पॉडकास्टवाल्या मुलांनी चूक केली असेल असे वाटत नाही. साकीनाका स्टेशनवर गर्दी चढली तेव्हा आमचेच एखादे वाक्य निसटले असेल. पण चूक कुणाची हा प्रश्न लहान आहे. तिने आमच्या शब्दावर विश्वास ठेवून पुस्तक हाती घेतले आणि ते आमच्या पुढे जाऊन वाचले. आमच्यापाशी काहीतरी आहे असे समजून ती आली, आणि आमच्यापाशी काही नव्हते.

त्या दिवसांत आम्ही या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. न वाचलेले पुस्तक हा गुन्हा आहे काय? आमचे एक सहकारी म्हणतात, "राहिलेली किताब म्हणजे काय कझा नमाज आहे, जी अदा करूनच सुटका?" ते खरे आहे. 'गुबार-ए-खातिर' न वाचता माणूस चांगला जगतो, चांगला मरतो. आणि ऐकणे हे वाचण्यापेक्षा हलके आहे असेही आम्ही मानत नाही. आमच्या मागच्या पिढीतल्या कितीतरी बायांनी नूरनामा आणि किस्से ऐकूनच मिळवले. एक वाचत असे, दहा ऐकत. आमच्या अम्मींनी कुरआन शरीफचे किती खत्म केले ते त्यांनाही ठाऊक नसेल. त्यांना अरबी येत नव्हती. कुणी एखाद्या आयतीचा अर्थ विचारला तर त्या म्हणत, "मी तिलावत करते बेटा, माने मौलवीसाहेबांना विचार." त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

हा किस्सा आम्ही मोहल्ल्यातल्या एका मौलानांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "मास्टरसाहेब, तुम्ही तर तदलीस केली."

हा शब्द आम्हाला नवा होता. त्यांनी समजावले ते असे. हदीस सांगणाऱ्यांमध्ये, एखादी गोष्ट आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली हे सांगण्यासाठी वेगवेगळे शब्द ठरलेले आहेत. उस्तादाच्या तोंडून ऐकली तर एक शब्द, उस्तादाला वाचून दाखवली तर बहुधा दुसरा, नुसती कुणाच्या हस्ताक्षरातली वही सापडून त्यातून मिळाली तर तिसरा. वही सापडून मिळणे याला विजादा म्हणतात. ती हलकी असली तरी लाजिरवाणी नव्हे. मात्र तसे सांगितले पाहिजे. आणि 'अन' असा एक अगदी लहान शब्द आहे, ज्याचा अर्थ नुसता 'कडून'. अमक्याकडून. प्रत्यक्ष ऐकले की मध्ये आणखी कुणी होते, हे त्यातून कळत नाही. ज्या उस्तादाला आपण भेटलो आहोत, पण ही विशिष्ट गोष्ट त्याच्याकडून ऐकलेली नाही, तिथे हा शब्द वापरून मधला माणूस झाकणे म्हणजे तदलीस. शब्दशः त्यात खोटे काही नसते. ऐकणाऱ्याचा समज मात्र खोटा होतो. व्यापारात मालातला दोष झाकून विकणे, त्यालाही हाच शब्द आहे. असे करणाऱ्याचा 'अन' मुहद्दिस सहसा स्वीकारत नाहीत. त्याने स्पष्ट म्हटले पाहिजे की मी ऐकले. पंधराव्या शतकात इब्ने हजर असकलानींनी अशा लोकांची पाच दर्जांमध्ये यादी केली, आणि त्यात मोठमोठी, आदराची नावे आहेत.

(हे सर्व आम्ही मौलानांकडून ऐकलेले आहे. इब्ने हजरांचे पुस्तक पाहिलेले नाही.)

आम्ही तर 'किती वेळा वाचले' असे सरळ खोटे बोललो होतो, तेव्हा मौलानांनी शब्द निवडताना आमच्यावर मेहरबानीच केली. पण त्यांनी सांगितले ते आमच्या मनात रुतले, कारण आपल्या बोलण्यात हा 'अन' फार आहे. आपल्या संमेलनांत शेख महंमद श्रीगोंदेकरांचे नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही. सतराव्या शतकातला हा मुसलमान संतकवी आपला पूर्वज, हे आम्हीही दोन-तीन ठिकाणी अभिमानाने बोललो आहोत. 'योगसंग्राम' उघडले आहे काय? नाही. टाळ्या मात्र घेतल्या.

हमीद दलवाईंच्या बाबतीत तर गोष्ट याहून वाईट आहे. त्यांचे नाव निघाले की स्टाफरूमचे दोन भाग होतात. एका बाजूला ते दीनचे दुश्मन, दुसऱ्या बाजूला एकमेव शहाणा माणूस. दलवाई 1977 साली गेले, म्हणजे आमच्या जन्माच्या आधी. त्यांची 'इंधन' ही कादंबरी 1965 ची. वाद ऐन भरात असताना आम्ही एकदा विचारले, "यातली 'इंधन' कुणी वाचली आहे?" कुणीच नाही. 'लाट'मधल्या कथा? त्याही नाहीत. आम्हीही त्यातलेच. शेख महंमदांची न वाचता स्तुती केली तर त्यांचे काही बिघडत नाही, आपलेच बिघडते. पण एखाद्याला न वाचता गुन्हेगार ठरवणे, किंवा न वाचता त्याचे नाव दुसऱ्याच्या डोक्यात हाणायला वापरणे, यात त्या माणसाचा हक्क मारला जातो. तो जिवंत नाही, उत्तर द्यायला येऊ शकत नाही. त्याची बाजू त्या पुस्तकात आहे, आणि ते आपण उघडत नाही.

मग पॉडकास्ट बंद करावा काय? आम्ही काही दिवस केला होता. पण त्यात अर्थ नव्हता. गुन्हा इयरफोनचा नव्हता. उलट ती मुले आणि त्यांचे पाहुणे आमच्यापेक्षा सच्चे आहेत, कारण ते आरंभीच सांगतात की पुस्तक वाचलेले नाही. आमची तक्रार असेल तर एवढीच की ही कबुली फार लवकर गोड लागते. पाहुणा हसतो, आपण हसतो, मन हलके होते, आणि पुस्तक जिथे होते तिथेच राहते. आम्ही बारा वर्षे खोटे बोलून जिथे होतो, तिथेच ते खरे बोलून राहिले, असेही होऊ शकते. पण त्यांच्यावर भरवसा ठेवून कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही, हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

पुढच्या सोमवारी आम्ही नववीच्या वर्गात सांगून टाकले की आम्ही 'गुबार-ए-खातिर' पूर्ण वाचलेले नाही. चिमण्यांचा भाग वाचला आहे, बाकीचे ऐकले आहे. पत्रे पाठवली होती हे आम्ही चुकीचे सांगितले. वर्गात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एकाने अगदी अदबीने विचारले, "सर, मग परीक्षेत आम्ही लिहिलं की हा धडा वाचलेला नाही, ऐकला आहे, तर मार्क मिळतील?"

सगळा वर्ग हसला, ती मुलगीही. आम्ही म्हणालो, उत्तर बरोबर असेल तर मिळतील. हे म्हणताना आमची पुरती खात्री नव्हती, आणि त्यावर आम्ही अजून विचार करतो आहोत.

सध्या रोज इशानंतर चार पाने वाचतो. फारसी शेर पेन्सिलने खूण करून ठेवतो आणि जुम्याला मौलानांकडे नेतो. अर्धे त्यांनाही लागत नाहीत, तसे ते सरळ सांगतात. झुलेखा बेगमांच्या इंतकालानंतरच्या पत्रापर्यंत पोहोचलो आहोत. ती मुलगी आता दहावीत आहे. ती कधीच पुढे गेली असून शेवटी मौलानांनी संगीतावर लिहिले आहे, तिथे सतारीची गोष्ट येते, असे ती म्हणते. ते आम्ही तिच्याकडून ऐकलेले आहे.